प्राणवायूचा शेवटचा टप्पा : ट्रॅकिओस्टॉमी झालेल्या रुग्णाची देखभाल

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आपणांपैकी अनेकांना उद्या प्रशासनात काम करावयाचे आहे. अशा श्रोत्यांसमोर एका भूलतज्ज्ञाने उभे राहून गळ्यातील एका नळीविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु जिल्ह्याचा आरोग्य आराखडा, यंत्रसामग्रीची खरेदी आणि पदांची मंजुरी यांवर पुढे आपल्याच स्वाक्षऱ्या होणार आहेत. त्या स्वाक्षऱ्यांचा रुग्णाच्या श्वासाशी काय संबंध असतो, हे एका मर्यादित विषयाच्या आधारे समजावून घ्यावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. बरीच वर्षे झाली. मी तेव्हा एका रुग्णालयात नवखा निवासी डॉक्टर होतो. मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागलेला एक तरुण आमच्या विभागात होता. ट्रॅकिओस्टॉमी होऊन त्याला आठवडा उलटला होता. कृत्रिम श्वसनयंत्र काढले होते आणि गळ्यातील नळीवाटे त्यास प्राणवायू दिला जात होता. रात्री तीनच्या सुमारास परिचर्येचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजतोय आणि ते सारखे उठू पाहताहेत." मी रुग्णाच्या बोटाला लावलेल्या यंत्राकडे पाहिले. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९७ टक्के होते. डोक्याला मार लागलेला रुग्ण अस्वस्थ असायचाच, असे म्हणून मी पुढच्या खाटेकडे वळलो. काही मिनिटांतच तो आकडा झपाट्याने घसरू लागला. ज्येष्ठ सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी प्रथम नळीच्या आतील दुसरी नळी काढली. ती वाळलेल्या, खपलीसारख्या कफाने जवळजवळ बुजली होती. प्राणवायूला ओलावा देणारी बाटली संध्याकाळपासून कोरडी होती. रुग्ण वाचला.

सिलिंडर भरलेला होता, प्राणवायू वाहत होता आणि यंत्रही ठीक होते. बाटलीतील पाणी संपल्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते आणि जिच्या लक्षात रुग्णाचा बदललेला श्वास आला, तिचे मी ऐकले नव्हते. ट्रॅकिओस्टॉमीच्या रुग्णांमधील बहुतेक गंभीर गुंतागुंती अशाच साध्या कारणांनी उद्भवतात आणि म्हणूनच त्या टाळता येतात.

नाकाचे काम कोणी करावयाचे?

ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे मानेच्या पुढील बाजूने श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यातून नळी बसविणे. एकोणिसाव्या शतकात घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांसाठी फ्रान्समधील आर्मां त्रूसो यांनी या शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील चेव्हॅलिए जॅक्सन यांनी तिला शास्त्रशुद्ध रूप दिले. आज ती प्रामुख्याने दीर्घकाळ कृत्रिम श्वसनाची गरज असणाऱ्या, डोक्याला किंवा मणक्याला इजा झालेल्या, धनुर्वाताच्या व स्नायूंच्या दुर्बलतेच्या रुग्णांवर, तसेच स्वरयंत्राच्या अथवा घशाच्या कर्करोगाने श्वासमार्ग अरुंद झालेल्या रुग्णांवर केली जाते.

या शस्त्रक्रियेने श्वासाचा मार्ग सुकर होतो. परंतु नाक वगळले जाते. नाक हवा गाळते, तिला ऊब देते आणि ओलावा देते. फुप्फुसांत खोलवर पोहोचेपर्यंत हवेचे तापमान ३७ अंश सेल्सिअस झालेले असते आणि दर लिटर हवेत सुमारे ४४ मिलिग्रॅम बाष्प असते. खोलीतील सर्वसाधारण हवेत हे प्रमाण सुमारे १० मिलिग्रॅम असते. सिलिंडरमधून किंवा भिंतीतील नळातून येणाऱ्या वैद्यकीय प्राणवायूत ते जवळजवळ शून्य असते. प्रौढ माणूस दिवसभरात सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. म्हणजे या हवेला पुरेसे आर्द्र करण्यास सुमारे ३४० मिलिलिटर पाणी लागते. निरोगी माणसात बाहेर पडणाऱ्या उच्छ्वासातील काही ओलावा नाक परत मिळविते. गळ्यात नळी असलेल्या रुग्णास ही सोय उरत नाही.

श्वासनलिकेच्या आतील अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. ते सतत हालचाल करून कफ व धूळ वर ढकलतात. कोरडी हवा मिळाली की कफ घट्ट होतो, या तंतूंची हालचाल मंदावते, अस्तरास इजा होते आणि नळीच्या आतील बाजूस थर साचू लागतो. प्राणवायूचा प्रवाह जितका अधिक, तितकी ही शुष्कता वाढते. जे औषध म्हणून दिले, तेच योग्य काळजीअभावी अडथळ्याचे कारण ठरते.

कोपनहेगनचा धडा

या विषयाचा इतिहास पाहताना १९५२ सालच्या डेन्मार्कमधील पोलिओच्या साथीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण मोठ्या संख्येने येत होते. साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत श्वसनयंत्रावर ठेवलेल्या अशा ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. लासेन यांनी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना पाचारण केले. या रुग्णांना प्राणवायू मिळत होता; मात्र उच्छ्वास अपुरा असल्याने शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत होता, असे इब्सेन यांच्या ध्यानात आले. त्यांनी ट्रॅकिओस्टॉमी करून, साचलेला कफ ओढून काढून, नळीला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून श्वास देण्याची पद्धत सुचविली.

हे काम करण्यास यंत्रे नव्हती. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, कित्येक आठवडे, रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी बसून त्या पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण उतरत अखेर सुमारे एक-चतुर्थांशावर आले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम येथे मानला जातो.

या घटनेतून दोन गोष्टी घ्यावयाच्या आहेत. पहिली, रक्तातील प्राणवायूचा आकडा चांगला असला म्हणजे श्वसन चांगले आहे, असे समजू नये. जादा प्राणवायू मिळणाऱ्या रुग्णाची नळी हळूहळू बुजत असली, तरी तो आकडा बराच वेळ समाधानकारक दिसत राहतो; माझी चूक नेमकी हीच होती. दुसरी, खाटेजवळ बसलेला प्रशिक्षित माणूस हा उपचाराचाच घटक आहे.

गुंतागुंत टाळण्याची सूत्रे

आता प्रत्यक्ष देखभालीकडे वळू. सोयीसाठी तिचे आठ भाग करतो.

पहिला भाग आर्द्रतेचा. नळीवाटे प्राणवायू घेणाऱ्या प्रत्येक रुग्णास ओलावा दिलाच पाहिजे. प्राणवायू बुडबुड्यांच्या रूपाने ज्या बाटलीतील थंड पाण्यातून जातो, ती सर्वत्र आढळते. परंतु तिच्याद्वारे मिळणारा ओलावा अशा रुग्णास बहुधा अपुरा पडतो. कफ घट्ट असल्यास पाणी तापवून बाष्प देणारे आर्द्रक वापरावे. कफ कमी व पातळ असल्यास नळीच्या तोंडाशी बसविण्याचे, 'कृत्रिम नाक' म्हणून ओळखले जाणारे छोटे साधन उपयोगी पडते. ते उच्छ्वासातील ऊब व ओलावा धरून ठेवते; मात्र कफाने भरल्यावर ते स्वतःच अडथळा बनते, म्हणून वेळच्या वेळी बदलावे लागते. रुग्णाच्या शरीरात पाणी कमी पडू न देणे, हादेखील याच उपायाचा भाग होय.

दुसरा भाग कफ ओढून काढण्याचा, ज्याला आपण सक्शन म्हणतो. ते घड्याळाकडे पाहून करू नये. श्वासाचा आवाज, खोकला, अस्वस्थता पाहून गरजेनुसार करावे. आधी काही क्षण प्राणवायू वाढवावा. सक्शनची नळी गळ्यातील नळीच्या आतील व्यासाच्या निम्म्याहून जाड नसावी. आठ क्रमांकाच्या नळीसाठी साधारणतः बारा क्रमांकाची सक्शन नळी, असा हिशेब आहे. नळी आत घालताना ओढ लावू नये, बाहेर काढताना लावावी. एका वेळी दहा ते पंधरा सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये आणि प्रौढ रुग्णात ओढीचा दाब १५० मिलिमीटर पाऱ्याहून जास्त नसावा. अतिरेकाने प्राणवायू घटतो, हृदयाची गती मंदावते आणि अस्तरातून रक्तस्राव होतो.

तिसरा भाग नळीच्या स्वच्छतेचा. शक्य तेथे दुहेरी नळी वापरावी. तिच्यातील आतली नळी चटकन काढता येते, धुता येते आणि बुजल्यास क्षणार्धात मार्ग मोकळा होतो. दर काही तासांनी, निदान प्रत्येक पाळीत एकदा, ती काढून पाहण्याचा नियम असावा.

चौथा भाग नळीभोवतीच्या फुग्याचा. डॉक्टर मंडळी त्याला इंग्रजीत 'कफ' म्हणतात. आपल्या भाषेत कफाचा अर्थ निराळा असल्याने मी फुगा हाच शब्द वापरतो. फुग्यातील दाब २० ते ३० सेंटीमीटर पाण्याच्या दरम्यान असावा. दाब कमी पडला तर लाळ व अन्न फुप्फुसात उतरते. दाब वाढला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा खुंटतो आणि पुढे व्रण पडणे, नलिका आकसणे, क्वचित अन्ननलिकेपर्यंत छिद्र पडणे, अशा आपत्ती ओढवतात. बोटाने दाबून केलेला अंदाज विश्वसनीय नसतो. दाब मोजण्याचे छोटे उपकरण प्रत्येक अतिदक्षता विभागात हवे.

पाचवा भाग नळी निसटण्याचा. पहिल्या सुमारे आठवडाभरात मानेतील मार्ग पक्का झालेला नसतो. या काळात नळी निसटली आणि ती अंदाजाने पुन्हा घातली, तर ती श्वासनलिकेबाहेर जाण्याचा धोका असतो. म्हणून नळीचे बंद नीट बांधावेत. रुग्णाला कुशीवर वळविताना एकाने नळी धरावी आणि प्राणवायूच्या जड नळ्यांचा ताण गळ्यावर येऊ देऊ नये. उशाशी त्याच मापाची एक व त्याहून एक माप लहान अशा दोन जादा नळ्या, सक्शन व श्वास देण्याची पिशवी सदैव तयार असावी. ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या गुंतागुंतींची जी राष्ट्रीय पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली, तिच्यातही अतिदक्षता विभागातील गंभीर घटनांमध्ये ट्रॅकिओस्टॉमीची नळी जागेवरून हलणे हे ठळक कारण आढळले होते. नळीभोवती होणारा रक्तस्राव थोडा असला, तरी तो डॉक्टरांना दाखवावा. तो मोठ्या रक्तवाहिनीच्या इजेची पूर्वसूचना असू शकतो.

सहावा भाग प्राणवायूच्या मात्रेचा. प्राणवायू हे औषध आहे. त्याची मात्रा लिहून द्यावयाची असते. बहुतेक प्रौढ रुग्णांत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९४ ते ९८ टक्के राखणे पुरेसे असते. ज्यांना कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका आहे, अशा फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या रुग्णांत ते ८८ ते ९२ टक्के राखावे. गरजेहून अधिक प्राणवायू फुप्फुसांस हानी पोहोचवितो, शिवाय तो वायाही जातो.

सातवा भाग संसर्ग व आग यांचा. प्रत्येक हाताळणीपूर्वी व नंतर हात धुणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक टाळला जाणारा उपाय आहे. आर्द्रकातील पाणी निर्जंतुक असावे आणि ते नियमाने बदलावे. जुन्या पाण्यात नवे पाणी ओतू नये. नळ्यांत साचलेले पाणी रुग्णाकडे वाहू देऊ नये. २०२१ साली म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा मधुमेह आणि स्टिरॉइडचा अनिर्बंध वापर ही त्याची प्रमुख कारणे मानली गेली. त्या वेळी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिलेल्या सूचनांत आर्द्रकासाठी स्वच्छ, निर्जंतुक पाणी वापरावे, याचाही समावेश होता. आगीविषयी सांगावयाचे तर प्राणवायू स्वतः जळत नाही, पण ज्वलन भडकवितो. सिलिंडरच्या झडपेला तेल किंवा ग्रीस लावू नये आणि रुग्णाजवळ विडी, समई, उदबत्ती, शेगडी यांपैकी काहीही असू नये.

आठवा भाग रुग्णाच्या वाणीचा. नळी बसताच रुग्णाचा आवाज जातो. वेदना, तहान, गुदमर यांपैकी काहीच त्याला सांगता येत नाही. खाटेजवळ एक घंटी, पाटी व पेन्सिल, चित्रांचा तक्ता ठेवणे, यास खर्च असा येत नाही. परंतु यामुळे कित्येकदा धोक्याची सूचना वेळेत मिळते. बोलण्यासाठी नळीला लावावयाची एकेरी झडप काही रुग्णांना देता येते. ती लावण्यापूर्वी फुगा पूर्ण रिकामा केलाच पाहिजे. अन्यथा श्वास आत जातो आणि बाहेर पडण्यास वाट राहत नाही.

खाटेवरील एक फलक

भारतात तंबाखूचे सेवन व्यापक आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. त्यामुळे तोंड, घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे मोठ्या संख्येने आढळतात आणि त्यांपैकी काहींचे संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागते.

अशा रुग्णाच्या गळ्यावरील छिद्र वरवर ट्रॅकिओस्टॉमीसारखेच दिसते; पण त्याच्या तोंडाचा व नाकाचा फुप्फुसाशी संबंध उरलेला नसतो. संकटसमयी त्याच्या नाकातोंडावर मास्क धरून प्राणवायू दिला, तर तो फुप्फुसापर्यंत पोहोचतच नाही. तो गळ्यावरील छिद्रावरच द्यावा लागतो. उलटपक्षी साध्या ट्रॅकिओस्टॉमीच्या रुग्णाची नळी बुजल्यास तोंडावर व गळ्यावर, दोन्ही ठिकाणी प्राणवायू देणे हितावह असते. रात्रपाळीला नव्याने आलेल्या व्यक्तीला हा फरक कसा कळावा? ब्रिटनमधील राष्ट्रीय ट्रॅकिओस्टॉमी सुरक्षा प्रकल्पाने यासाठी दोन रंगांचे फलक सुचविले : वरचा श्वासमार्ग शाबूत असल्यास हिरवा, स्वरयंत्र काढलेले असल्यास लाल. फलकावर शस्त्रक्रियेची तारीख आणि नळीचे माप लिहावयाचे. आपल्या कोणत्याही रुग्णालयात ही पद्धत उद्यापासून सुरू करता येईल.

सिलिंडरपासून श्वासापर्यंत

२०२१ सालच्या कोविडच्या दुसऱ्या लाटेने प्राणवायूचा प्रश्न घराघरांत नेला. पहिल्या लाटेत देशात वैद्यकीय प्राणवायूची कमाल दैनिक मागणी सुमारे ३,०९५ मेट्रिक टन होती. दुसऱ्या लाटेत ती सुमारे ९,००० मेट्रिक टनांवर गेली. एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला गेली आणि द्रवरूप प्राणवायू घेऊन नागपूर व नाशिक येथे परतली. हवेतील नायट्रोजन शोषून घेऊन जागच्या जागी प्राणवायू तयार करणारे १,२२४ प्रकल्प पीएम केअर्स निधीतून मंजूर झाले. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने वैद्यकीय प्राणवायूच्या उपलब्धतेविषयी स्वतंत्र ठराव संमत केला.

हे यश मोठे आहे. तथापि प्रकल्पातून निघालेला प्राणवायू जलवाहिनीसारख्या नळांतून खाटेपर्यंत येतो आणि तेथून पुढील वीतभर अंतर त्याला माणसाच्या देखरेखीखाली पार करावयाचे असते. हीच जाणीव ठेवून डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सहकार्याने राष्ट्रीय ऑक्सिजन स्टुअर्डशिप कार्यक्रम आरंभिला. प्रत्येक जिल्ह्यात प्राणवायूच्या उचित वापराची जबाबदारी घेणारी प्रशिक्षित व्यक्ती असावी, अशी त्यामागील कल्पना होती. त्याच वर्षी संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, तर २०२३ साली परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर केला. शिक्षणाचा दर्जा व नोंदणी यांना चौकट लाभली, की प्रशिक्षित हात निर्माण होण्याचा मार्ग सुकर होतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे. ही कलमे आपण पाठ कराल. परंतु एखाद्या जिल्ह्यात ती कशी उतरतात, हे तपासण्यासाठी काही साधे प्रश्न विचारावेत. अतिदक्षता विभागात रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात? खरेदीच्या यादीत श्वसनयंत्राबरोबर आर्द्रक, दाब मोजण्याचे उपकरण आणि दुहेरी नळ्या आहेत काय? नळी घेऊन घरी जाणाऱ्या रुग्णाच्या आईला किंवा पत्नीला सक्शन करण्यास, आतली नळी धुण्यास आणि संकट ओळखण्यास कोणी शिकविले काय? गावात वीज गेल्यावर तिने काय करावे, याचे उत्तर तिच्यापाशी आहे काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर पूर्वी सांगितलेले आठही भाग त्या घरातील एका व्यक्तीच्या माथी येतात. तिला सुटीपूर्वी दोन-तीन दिवस खाटेजवळ बसवून, तिच्या हातून प्रत्येक कृती करवून घेतली आणि मराठीत छापलेले एक पान हाती दिले, तर कित्येक रुग्णांचे पुन्हा दाखल होणे टळेल. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. कोणाच्या तरी कामाच्या यादीत ते लिहिलेले असावे लागते. ते लिहिणे हे आपले काम असेल.

त्या रात्रीनंतर आमच्या विभागात एक नियम झाला. पाळी बदलताना येणाऱ्या व जाणाऱ्या परिचारिकेने मिळून बाटलीतील पाणी, आतली नळी आणि उशाशी ठेवलेल्या जादा नळ्या पाहावयाच्या आणि नोंदवहीत दोघींनी सही करावयाची. वहीचा खर्च नगण्य होता. मी मात्र आणखी एक नियम स्वतःपुरता केला : रुग्णाजवळ बसलेली व्यक्ती, मग ती विद्यार्थिनी असो वा नातेवाईक, श्वास बदलल्याचे सांगू लागली, तर आधी रुग्णाकडे पाहावयाचे आणि नंतर यंत्राकडे.